मगपुढे बाई

मगपुढे हे काही तिचं आडनाव नव्हे. ते तिला पेशंटांनी दिलेलं नाव, आणि तिनेही ते कौतुक समजून मिरवलेलं. ज्यांची मोडलेली हाडं जुळली पण सांधे काही केल्या हलेनात, अशा लोकांच्या घरी जाऊन ती व्यायाम करून घ्यायची. गुडघे, खांदे, मनगटं, कोपरं. खांद्याला फुगलेली बॅग, तिच्यात टॉवेल, तेलाची बाटली, रबरी पट्ट्या आणि सांधा किती वाकला ते मोजायचं प्लास्टिकचं कोनमापक. बाईच्या पायाला भिंगरी होती आणि जिभेवर कायम एकच वाक्य होतं, "मग पुढे काय झालं?"

त्या वाक्यामागे युक्ती होती. शिकाऊ असताना इस्पितळातल्या मोठ्या बाईंनी ती दिली होती. दुखरा सांधा वाकवायला गेलं की माणूस अंग आवळून धरतो. त्याला "सैल सोडा" म्हटलं की तो आणखीच आवळतो. म्हणून त्याला बोलतं करायचं. माणूस स्वतःचं सांगण्यात रमला की त्याचं सांध्यावरचं लक्ष उडतं, स्नायू सैल पडतो, आणि नेमकं तेव्हाच सांध्याला हलकेच थोडं पुढे न्यायचं. मोठ्या बाई स्वतः ऐकायच्या की नाही, कुणास ठाऊक. आपल्या बाईने मात्र धड्यातला बोलतं करण्याचा भाग तेवढा उचलला. ऐकायचंही असतं हे तिला कुणी वेगळं सांगितलं नव्हतं, आणि सांगावं लागतं हेही कुणाला सुचलं नसेल.

वर्षानुवर्षं हे करून तिचा हात इतका तयार झाला होता की माणूस बोलण्यात किती खोल गेलाय ते तिला बोटांनाच कळायचं. कानांची गरजच उरली नव्हती. "हं", "अगं बाई", "काय सांगता" आणि "मग पुढे काय झालं", एवढ्या चार बोलांच्या भांडवलावर तिचा धंदा चालायचा. तोंड आपोआप चालू असायचं आणि डोक्यात पुढच्या घरी कुठल्या गल्लीने लवकर पोचू, सकाळी गॅस बंद केला होता ना, असं काहीबाही. माणसं तर भडाभडा बोलायची. ज्यांना घरात कुणी विचारत नाही, अशीच माणसं तिच्या वाट्याला जास्त. कुणी म्हातारा वॉचमन, कुणी थकलेली स्वयंपाकीण. बाई निघाली की ही माणसं म्हणायची, "तुमच्यासारखं ऐकून घेणारं आजवर कुणी भेटलं नाही हो." आणि ही बाई ते घरी येऊन नवऱ्याला फुशारकीने सांगायची.

आता आत्यांकडे येऊ. कारण बाईची सगळी फुशारकी उतरली ती आत्यांच्या खोलीत.

आत्या म्हणजे त्या घरातल्या भाच्याची आत्या. लग्न झालेलं नाही. तरुणपणी बटणांच्या कारखान्यात कामाला होत्या. मग वहिनी आजारी पडली तेव्हा भावाची मुलं सांभाळायला म्हणून आल्या त्या इथल्याच झाल्या. भाऊ गेला, वहिनी गेली, मुलं पांगली, एक भाचा उरला. घर त्याचं, संसार त्याचा, आणि आत्या मागच्या खोलीत, कपडे धुवायच्या मशीनच्या शेजारी. तशी माणसं वाईट नव्हती. आत्यांना वेळेवर जेवण होतं, औषध होतं, थंडीत जाड पांघरूण होतं. फक्त त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं की भाचा म्हणायचा, "हो आत्या, नंतर," आणि त्याची बायको टीव्हीचा आवाज किंचित वाढवायची. मग आत्यांनीही बोलणं सोडून दिलं. पालथ्या घड्यावर पाणी किती दिवस ओतणार?

त्या मोरीत घसरून पडल्या आणि उजवं कोपर मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलं होतं, पण कोपर लाकडासारखं झालं होतं. हात काटकोनात यायचा आणि तिथेच अडायचा. डॉक्टरांनी भाच्याला बजावलं होतं की आता व्यायाम केला तर केला, एकदा का सांधा असाच धरला की मग धरलाच. काटकोनात अडलेला हात तोंडापर्यंत जात नाही. म्हणजे आत्यांनी उरलेलं आयुष्य दुसऱ्याच्या हातून जेवायचं. डाव्या हाताने त्या प्रयत्न करायच्या, पण तो हात आधीच कापरा, अर्धं अंगावर सांडायचं, म्हणून सूनबाई, भाच्याची बायको, त्याच भरवायच्या. एक डोळा घड्याळाकडे, एक मालिकेकडे, आणि चमचा आत्यांच्या तोंडापाशी. पहिला घास गिळायच्या आत दुसरा हजर. बाई पहिल्या दिवशी गेली तेव्हा आत्यांनी एवढंच मागितलं होतं.

"पोरी, मला काही जड उचलायचं नाही. दुसऱ्याच्या हाताने जेवणं म्हणजे दुसऱ्याच्या घाईने जेवणं. तेवढं सुटलं की झालं."

बाईने टॉवेल गरम पाण्यात पिळून कोपराला गुंडाळला, दंडाखाली उशी सरकवली, मनगट हातात घेतलं आणि नेहमीप्रमाणे म्हणाली, "आत्या, तुमचं लहानपणीचं काहीतरी सांगा ना."

आत्यांनी तिच्याकडे जरा अविश्वासाने पाहिलं. "तुला काय करायचंय त्याचं?"

"मला आवडतं ऐकायला."

हे वाक्य बाईने आजवर इतक्या घरांत टाकलं होतं की ते खरं की खोटं हा प्रश्नच तिला पडत नसे. आत्यांनी मात्र ते खरं धरलं. पहिले काही दिवस त्या चाचपडत, थांबत, शब्द शोधत बोलल्या. मग बोलणं वाहायला लागलं. दुपारी भाचा कामावर, सूनबाई बाहेरच्या खोलीत, आणि आत आत्यांचा आवाज. रोजच्या रोज थोडं थोडं. बाईला आठवतं ते असं की आत्या फार चांगल्या पेशंट होत्या. बोलताना हात अगदी लोण्यासारखा सोडायच्या. काटकोन सुटला, हात हनुवटीच्या दिशेने सरकायला लागला. बाईने बाहेर येऊन सूनबाईंकडून शाबासकीही मिळवली.

एक दिवस आत्या बोलता बोलता थांबल्या. डोळे मिटले होते. बाईने कोनमापक लावून पाहिलं, हात आज आणखी थोडा गेला असता असं तिला वाटलं, म्हणून ती म्हणाली, "मग पुढे काय झालं?"

आत्यांनी डोळे उघडले. "पुढे काही झालं नाही."

"असं कसं? काहीतरी झालंच असेल की," बाई म्हणाली आणि हात हलकेच पुढे नेला.

आत्या छताकडे बघत राहिल्या. बाईने बॅग भरली, "उद्या येते हं" म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी आत्यांनी आपणहून सुरुवात केली. आवाज रोजचाच, चेहराही रोजचाच. "मग काय, त्या दिवशी एक उंट जिना चढून वर आला."

"हं," बाई म्हणाली.

"माझ्या खाटेवर येऊन बसला."

"अगं बाई. मग पुढे काय झालं?"

"मग म्हणाला, चहा टाका."

"काय सांगता," बाई म्हणाली आणि कोपर पुढे न्यायला गेली. कोपर हललं नाही. बोटांखाली स्नायू दगडासारखा लागला. तिने मान वर केली. आत्या तिच्याकडे टक लावून पाहत होत्या.

"साखर किती घालायची ते तरी विचार," आत्या म्हणाल्या. "उंट आहे. त्याला जास्त लागत असेल."

बाईला क्षणभर कळेना की कसला उंट आणि कसली साखर. मग गेल्या मिनिटाभरातले शब्द, जे कानावर पडून तसेच पडून राहिले होते, एकेक करून आत उतरले. तिचा चेहरा गोरामोरा झाला. हसून न्यावं म्हणून तिने तोंड उघडलं आणि हसू काही येईना.

"किती दिवस ऐकत नव्हतीस?" आत्यांनी विचारलं. रागाने नाही. रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

बाई टॉवेलाची घडी सरळ करायला लागली.

"म्हणजे पहिल्यापासून," आत्या म्हणाल्या आणि हात तिच्या हातातून काढून घेतला.

त्या संध्याकाळी पुढच्या दोन घरांना दांडी मारून बाई सरळ घरी आली आणि स्वयंपाकघरात बसून राहिली. आत्यांनी काय काय सांगितलं होतं ते ती आठवायला लागली. एवढ्या दिवसांचं बोलणं, काहीतरी असेलच. एक जिना होता. एक हिरवी ट्रंक होती, की पेटी होती? कुणीतरी एक बाई होती, आणि ती म्हणाली होती, "तू पुढे जा, मी मागून येते." ही बाई कोण? बहीण, मैत्रीण, कारखान्यातली कुणी? ती मागून आली की नाही? बाईला काहीही ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं ते एवढंच की "मागून येते" या शब्दांवर आत्यांचा दंड एकदम सैल पडला होता आणि त्या दिवशी कोपर फार छान वाकलं होतं. माणूस आपलं काळीज उघडं करत होता आणि ही त्याचा कोन मोजत होती. धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं.

आणि मग आदल्या दिवशीचं आठवायला लागलं. "पुढे काही झालं नाही," असं आत्या म्हणाल्या होत्या ते मिटलेले डोळे उघडून. म्हणजे गोष्ट तिथे संपली होती. जे काही वाईट व्हायचं ते होऊन गेलं होतं. आणि तिने म्हटलं होतं, काहीतरी झालंच असेल की.

नवरा आला. तो शाळेच्या बसवर ड्रायव्हर. तिने त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "मी तुमचं ऐकते का हो?"

त्याने पाणी संपवलं, ग्लास ठेवला. "मगपुढे बाई, माझी बस बदलून तीन आठवडे झाले. आता मी नदीपलीकडच्या शाळेची चालवतो. रोज उशिरा येतो ते काय हौसेने?"

"मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं. तू म्हणालीस, मग पुढे काय झालं." तो हसला. त्याला त्याची सवय होती. तिला मात्र त्या हसण्याने तोंडात मारल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवसापासून आत्यांचा हात अडला. बाई गरम टॉवेल लावायची, तेल लावायची, विनवायची. आत्या अवघडून पडून राहायच्या. बोलत नव्हत्या, रुसल्याही नव्हत्या, फक्त आता त्यांना स्वतःला विसरता येत नव्हतं. जोर लावणं धोक्याचं. हात पुन्हा मागे सरकायला लागला. दारातून सूनबाई वाटी-चमचा घेऊन डोकावल्या की आत्या तोंड उघडायच्या आणि भिंतीकडे बघायच्या. बाईला ते बघवत नसे. तो हात आता तिच्यामुळे अडला होता.

शेवटी एके दुपारी तिने बॅग उघडलीच नाही. खाली जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आत्या, मी चुकले. मला लाज वाटते तुमच्यापुढे यायची. तुम्ही परत सांगा. पहिल्यापासून. मी हातसुद्धा लावत नाही, नुसती ऐकते."

बाजूला मशीन घरघरत होतं, ते आत्यांनी थांबू दिलं.

"ते एकदा सांगायला मला इतकी वर्षं लागली," त्या म्हणाल्या. "परत सांगायला तेवढी कुठून आणू?"

बाईच्या चार बोलांतला एकही इथे चालणारा नव्हता. ती तशीच खाली मान घालून बसली. रडू येत होतं, पण रडायचाही आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं. आत्यांपुढे रडलं असतं तर आत्यांनाच समजूत घालावी लागली असती.

"तूच सांग काहीतरी," आत्या म्हणाल्या.

"मी? माझं काय असणार?"

"तुझ्या मुलीच्या पायाचं काय झालं? ठेच लागून नख गेलं होतं म्हणालीस. आणि ती वरच्या मजल्यावरची, तिच्याशी भांडण मिटलं का? पाण्यावरून झालेलं."

बाई बघतच राहिली. हे तिने कधी सांगितलं होतं? टॉवेल पिळता पिळता, असंच, बोलायचं म्हणून. आत्यांनी ते उचलून जपून ठेवलं होतं. घरात जिचं ऐकत नाहीत, तिचे कान मात्र जागे होते.

बाई बोलायला लागली आणि तिला विचित्र अडखळायला झालं. समोरचं माणूस खरोखर ऐकत असलं की बोलणं इतकं अवघड होतं, हे तिला पहिल्यांदाच कळलं. उगाच ठोकून देता येत नाही. मुलीचं नख आलं, सांगून झालं. मग मुलगी हल्ली फोनवर फार थोडं बोलते, तेही सांगून झालं. का थोडं बोलते, ते सांगायला गेली आणि सांगता सांगताच तिला कळलं, तशी ती मध्येच थांबली. आत्यांनी "मग पुढे?" असं विचारलं नाही. त्या थांबल्या. आणि थांबल्या थांबल्या त्यांनी डाव्या हाताने आपलं उजवं मनगट धरलं आणि हात स्वतःच वर ओढला. ओठ आवळले, कपाळावर घाम आला, पण हात सरकला.

"तू बोलत राहा," त्या म्हणाल्या. "मला माझ्या दुखण्याचा विसर पाडायला तुझं दुखणं पुरेल."

मग रोज असंच चाललं. बाई बोलायची आणि आत्या ऐकत ऐकत स्वतःचा हात स्वतः वाकवायच्या. बाई फक्त दंडाखालची उशी सरळ करायची आणि कुठे थांबायचं ते सांगायची. पैसे मात्र भाचा तिलाच देत होता. घेताना तिला चोरी केल्यासारखं वाटायचं.

हात तोंडाला लागला तो रविवारी. भाचा घरी होता. सूनबाईंनी टीव्ही बंद केला, खुर्ची आणली, सगळे मागच्या खोलीत जमले. आत्यांनी चमचा उचलला, हात थरथरत वर नेला, पहिला घास तोंडात घातला आणि कुणाकडे न बघता सावकाश, अगदी सावकाश चावत बसल्या. दुसरा घास त्यांनी बराच वेळ घेतलाच नाही. त्यांची मर्जी.

भाच्याला भरून आलं. लहानपणी त्याला याच हाताने भरवलं होतं, ते त्याला आठवलं असावं. तो बाईकडे वळला. "ताई, तुमचे उपकार आहेत. नुसत्या हातासाठी नाही. आत्या आमच्याशी कधी दोन शब्द बोलली नाही. आणि तुमच्याशी महिनाभर, बाहेर आवाज यायचा हिला. एवढं काय काय सांगत होती? तिच्या आधीच्या आयुष्यातलं आम्हाला खरंच काही माहीत नाही. सांगा ना आम्हाला."

सूनबाईही बसल्या. त्या घरात पहिल्यांदाच आत्यांचं ऐकायला सगळे कान टवकारून बसले होते, आणि जिला विचारलं तिच्याकडे एक जिना, एक ट्रंक की पेटी आणि अर्धं वाक्य होतं. काहीतरी गोड बनवून सांगणं तिला जड नव्हतं. तिने आत्यांकडे पाहिलं. आत्या घास चावत तिच्याकडेच बघत होत्या.

"मला माहीत नाही," बाई म्हणाली. "त्या सांगत होत्या. मी ऐकलं नाही."

भाच्याला वाटलं आपली ऐकण्यात चूक झाली. सूनबाई बाईच्या तोंडाकडे बघायला लागल्या. तेवढ्यात आत्यांनी चमचा वाटीत ठेवला.

"ती काय सांगणार? उंटाची गोष्ट सांगत होते मी तिला," त्या म्हणाल्या. "जिना चढून आलेल्या उंटाची. वेळ जायला."

भाचा मोठ्याने हसला, सूनबाई हसल्या, "आत्या म्हणजे ना" असं काहीतरी म्हणाल्या. प्रसंग टळला. सगळ्यांचा टळला, एका बाईचा सोडून. आत्यांनी तिला वाचवलं होतं, आणि त्यासाठी आपलं सगळं आयुष्य हसण्यावारी नेलं होतं. चारचौघांत तिचे वाभाडे काढले असते तर बाईला एवढं लागलं नसतं.

निघताना दारात ती अडखळली. "आत्या, मी येत जाऊ का? हातासाठी नाही. अशीच."

"ये," आत्या म्हणाल्या. "बॅग घरी ठेवून ये."

बाई आता रविवारी जाते. रिकाम्या हातांचं काय करावं ते सुरुवातीला तिला सुधरत नसे, आता ती ते मांडीवर ठेवून बसते. आत्या बोलतात. बटणांच्या कारखान्यातल्या मुकादमाबद्दल बोलतात, शेजारच्या मांजराबद्दल, सूनबाईंच्या गुडघ्याबद्दल. मध्येच थांबतात. बाई काही विचारत नाही. गोष्टीतल्या त्या बाईचं, जी मागून येते म्हणाली होती तिचं, आत्यांनी पुन्हा नाव काढलेलं नाही. आत्यांचं वय झालंय, हे दोघींनाही माहीत आहे. बाई दर रविवारी जाते, आणि ऐकून घरी येते.